जुना कॅमेरा आणि कृष्णधवल छायाचित्रण : प्रारंभ कसा करावा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनात आम्ही काही बोलावे असे कार्यकारी समितीचे पत्र आले, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, उद्योगधंदा, आरोग्य अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी विचार मांडले आहेत. आमची हयात कारकुनीत गेली. परंतु पत्र घेऊन आलेल्या चिटणीसांनी एक हकीकत सांगितली आणि आमचा नकार तेथेच विरघळला. आपल्या वसतिगृहातील सात-आठ मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत आपापल्या घरच्या माळ्यावरून जुने कॅमेरे शोधून आणले आहेत. त्यांत फिल्म कशी घालतात येथपासून सारेच त्यांना अज्ञात आहे, आणि विचारावे तर घरी सांगणारे कोणी उरलेले नाही. तेव्हा आजचे हे बोलणे मुख्यत्वे त्या मुलांसाठी आहे. मोठ्यांनी ऐकण्यास हरकत नाही. माळे अखेर त्यांचेच आहेत.

प्रारंभीच एका आक्षेपाचे निरसन केले पाहिजे. खिशातील मोबाइलने क्षणात शंभर चित्रे निघत असता हा खटाटोप कशासाठी, असे आमच्या घरातही विचारले जाते. फिल्मवरचे चित्र मोबाइलच्या चित्राहून श्रेष्ठ असते असे म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांपैकी नव्हे. लग्नाच्या मांडवात, रात्रीच्या दिव्यांत, धावत्या नातवामागे मोबाइलच बरा. तथापि प्रकाश म्हणजे काय, तो किती आहे, कोठून येत आहे, हे डोळ्यांनी ओळखावयास ज्याला शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी बारा चित्रांच्या एका रोलासारखा दुसरा गुरू नाही. हा गुरू चूक त्याच क्षणी दाखवीत नाही, आठ दिवसांनी दाखवितो, आणि तोवर आपण ती चूक का केली हे आपल्यालाच आठवावे लागते.

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची रीत जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत कॅमेरे मुंबईस येऊन पोहोचले. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे फोटोग्राफीचा धंदा केला होता. १९१२ साली त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, आणि मगच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या ज्ञातीपुरते बोलावयाचे तर गेल्या दोन पिढ्यांतील अर्धीअधिक लग्ने स्टुडिओत काढलेल्या फोटोवरून जमली आहेत. एका हातात पुस्तक, दुसरा हात कुंडीच्या स्टुलावर, मागे रंगविलेला जिना! ते पुस्तक बहुधा स्टुडिओवाल्याचेच असे, आणि एकच पुस्तक तालुक्यातील सर्व उपवर मुलींनी वाचलेले दिसे.

आता घरात सापडणाऱ्या कॅमेऱ्यांकडे वळू. आपल्या मध्यमवर्गीय घरांत बहुधा तीन जातींचे कॅमेरे निघतात. पहिला म्हणजे साधा पेटीवजा कॅमेरा. आपल्याकडे बडोद्यास तयार होणारा आगफा क्लिक-३ हा त्या वर्गातील सर्वांचा परिचयाचा. त्याला एकच साधे भिंग असते, झडपेचा, म्हणजे शटरचा, वेग सुमारे १/३० सेकंद असा एकच, आणि ऊन व ढग एवढेच भेद दाखविणारी एक कळ. १२० क्रमांकाच्या रोलावर तो बारा चौकोनी चित्रे काढतो. दुसरा वर्ग घडीच्या कॅमेऱ्यांचा. झाकण उघडले की कातडी भाता पुढे येतो. तिसरा वर्ग ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांचा. यात रशियन झेनिट, जपानी याशिका, पेंटॅक्स वगैरे आले. एका रोलात ३६ चित्रे निघतात, आणि छिद्र व वेग दोन्ही आपल्या हाताने ठरविता येतात.

यांपैकी कोणता घ्यावा असे मुले विचारतील. आमचे स्पष्ट मत असे आहे की, जो घरात आहे तोच घ्यावा. परंतु निवड करण्याची सोय असेल तर शिकण्यासाठी तिसऱ्या वर्गातील, ज्याची झडप बॅटरीवाचून चालते असा घ्यावा. क्लिक हा प्रेमळ कॅमेरा आहे. तो सर्व काही स्वतःच ठरवितो, म्हणून त्याच्यापासून शिकावयास थोडेच मिळते. हे लिहिताना मात्र आमचा हात जड होतो, कारण आमच्या घरात होता तो क्लिक-३ च होता.

तो तीर्थरूपांनी १९७० च्या सुमारास घेतला. त्या काळी रोल महाग, म्हणून एक रोल दोन-दोन सणांना पुरवावयाचा आणि बारावे चित्र झाल्यावाचून धुण्यास टाकावयाचा नाही, असा घराचा शिरस्ता होता. १९७३ साली गौरींच्या दिवशी त्यांनी ओसरीवर बसवून आमच्या मातोश्रींची चित्रे घेतली. पाच झाली, सात उरली. कार्तिकात मातोश्री अल्पशा आजाराने वारल्या. तो कॅमेरा त्याच्या पिशवीसह ट्रंकेत गेला आणि तीर्थरूपांनी त्यास पुन्हा हात लावला नाही. तीन वर्षांनी, आम्ही कॉलेजात असता, सुटीत ट्रंक आवरताना तो आमच्या हाती लागला. तो स्वच्छ करावा या सद्बुद्धीने आम्ही अंगणात भर उन्हात बसून त्याचे मागचे झाकण उघडले. आत रोल होता. तो काय असावा म्हणून आम्ही हात-दीड हात उलगडूनही पाहिला. तीर्थरूप दारात उभे होते. ते म्हणाले, “बाळ, त्यात तुझी आई होती,” आणि आत गेले.

मातोश्रींचे दुसरे चित्र घरात एकच होते. ते लग्नातील समूहचित्र. मागच्या रांगेत, डोईवरचा पदर पुढे ओढलेला, चेहरा अर्धा झाकलेला.

आम्ही तो रोल शेजारच्या गावी एका दुकानदाराकडे नेला. त्याने तो पाहून ‘उजेड लागला, आता यात काही नाही’ असे सांगितले व टोपलीत टाकला. आम्हीही तो परत मागितला नाही. पुढे कित्येक वर्षांनी या विद्येचा अभ्यास करताना आम्हांस कळले ते सांगतो, कारण ते जाणण्यासारखे आहे. या जातीच्या रोलात फिल्मच्या पाठीशी काळा कागद असतो, आणि घेतलेले चित्र दुसऱ्या रिळावर गुंडाळले जाते. सर्वांत आधी घेतलेले चित्र सर्वांत आत जाते. त्याच्यावर पुढच्या चित्रांचे व कागदाचे वेढे बसतात. उजेड लागतो तो प्रथम बाहेरच्या वेढ्यांना आणि कडांना. रीळ घट्ट असेल आणि ते लगेच अंधारात नेले तर आतली एक-दोन चित्रे पुष्कळदा वाचतात. आम्ही उलगडले ते हात-दीड हात. पहिले चित्र त्याच्याही आत होते की नाही, हे आज सांगता येत नाही. रोल धुतला असता तर कळले असते.

म्हणून मुलांनो, सापडलेल्या कॅमेऱ्याशी करावयाची पहिली गोष्ट अशी की, तो उघडावयाचा नाही. १२० रोलाच्या कॅमेऱ्यास पाठीमागे एक लहान लाल काच असते. तीतून पाहावे, आकडा किंवा कागदावरील खुणा दिसल्या तर आत रोल आहे. आमच्या कॅमेऱ्याच्या लाल काचेत त्या दिवशी ५ हा आकडा स्पष्ट दिसत असला पाहिजे. आम्ही पाहिला नाही एवढेच. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात ही काच नसते. तेथे फिल्म परत गुंडाळण्याची डावीकडील कळ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवावी. ती मोकळी फिरली तर आत बहुधा काही नाही. अडली, ताण जाणवला, तर फिल्म आहे. फिल्म असल्यास ती पूर्ण गुंडाळून मगच काढावी, व कितीही जुनी असली तरी धुवून पाहावी. कृष्णधवल फिल्मवर उमटलेला पण न धुतलेला ठसा वर्षानुवर्षे टिकू शकतो. जुनेपणाने तिच्यावर राखाडी धुके चढते, चित्र फिके होते, पण चेहरा ओळखू येतो.

रिकामा असल्याची खात्री झाल्यावर कॅमेरा तपासावा. मागचे झाकण उघडून झडप चालवून पाहावी. भिंगातून प्रकाश क्षणभर चमकून गेला पाहिजे. १/१२५, १/६० असे वेग बहुधा नीट चालतात. अर्धा व एक सेकंद हे मंद वेग मात्र आतले तेल सुकल्यामुळे रेंगाळतात. ते सोडून द्यावेत. आत तेल घालण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ते तेल पात्यांवर पसरते आणि चालणारी झडपही बंद पडते. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता रात्री अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी लावून बाहेरून पाहावा. तारे चमकल्यासारखी छिद्रे दिसली तर ती काळ्या रंगाने वा काळ्या पट्टीने बुजवावीत. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात झाकणाच्या खाचेत उजेड अडविण्यासाठी काळ्या स्पंजाच्या पट्ट्या असतात. त्या वयाने डांबरासारख्या चिकट होतात. त्या खरवडून काढून काळी लोकर बसविली तरी काम भागते.

कोकणातील मंडळींसाठी वेगळी सूचना. भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतील. ती बुरशी होय. थोडी असेल तर चित्रावर विशेष परिणाम होत नाही. परंतु कातडी पिशवीत ठेवलेला कॅमेरा पावसाळ्यात हमखास बुरसतो, कारण कातडे ओल धरून ठेवते. पिशवी आठवणीसाठी निराळी ठेवावी आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा. काही कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारा काटा असतो. त्याची पाऱ्याची बॅटरी आता तयार होत नाही, म्हणून काटा खोटे बोलतो किंवा मुळीच बोलत नाही. त्याचे दुःख करू नये.

फिल्मविषयी फार बोलण्याचे कारण नाही. आपल्या देशात उदकमंडलम येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला व १९६७ पासून तेथे माल निघू लागला. त्यांचा ‘इंदू’ रोल अनेकांना आठवत असेल. तो कारखाना पुढे बंद पडला. आज मिळतात ते परदेशी रोल: इंग्लंडचा इलफर्ड एचपी-५ प्लस, अमेरिकेचा कोडॅक ट्राय-एक्स, चेक प्रजासत्ताकाचा फोमापॅन. किंमत कित्येक शेकडा रुपये पडते, तेव्हा तीर्थरूपांचा बाराव्या चित्राचा शिरस्ता पुन्हा पाळण्याची वेळ आली आहे. आमचा आग्रह एवढाच की, वर्षभर एकच फिल्म वापरावी. दर महिन्यास नवी फिल्म घेणाऱ्यास कोणतीच कळत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्याचे वेग आपल्या हाती आहेत त्यांनी ४०० अंकाची घ्यावी. क्लिकसारख्या एकाच मंद वेगाच्या कॅमेऱ्यात उन्हासाठी १०० अंकाची बरी. काही जुन्या कोडॅक कॅमेऱ्यांना ६२० क्रमांकाचा रोल लागतो. तो १९९५ सालापासून निघत नाही. फिल्म मात्र १२० च्याच रुंदीची आहे, फक्त रीळ बारीक. म्हणून अंधारात १२० ची फिल्म जुन्या ६२० च्या रिळावर गुंडाळून घेतात. असा कॅमेरा सापडला तर त्यातील रिकामे रीळ फेकू नये.

त्या लाल काचेवरून आणखी एक सांगावयाचे आहे. पूर्वीच्या फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, म्हणून लाल काच निर्धोक होती. आजच्या कृष्णधवल फिल्मला सर्व रंग दिसतात. तेव्हा लाल काचेवर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवावा, आणि रोल पुढे सरकविताना तेवढा सावलीत उचलून पाहावा. याच कारणाने आपल्या आजीपणजींच्या चित्रांत कपाळावरचे कुंकू काळेकुट्ट दिसते. आजच्या फिल्मची अडचण उलटी आहे: हिरवे पातळ आणि त्याचा लाल काठ दोन्ही एकाच करड्या छटेचे उमटून काठ नाहीसा होण्याचा संभव असतो. पातळ नेसणारीने तो काठ दिसावा म्हणूनच नेसलेले असते, हे छायाचित्रकाराने लक्षात ठेवावे. आकाशातील ढग उठून दिसावयाचे असतील तर भिंगापुढे पिवळी काच लावावी. निळे आकाश तिच्यामुळे गडद होते.

आता मुख्य विषय, प्रकाश. भिंगातील छिद्र आणि झडपेचा वेग ही एकाच पाण्याच्या नळाची दोन अंगे आहेत. तोटी किती उघडली आणि किती वेळ उघडली. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. आकडा वाढला की छिद्र लहान होते, व प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. वेगाचेही तसेच, १/६० पेक्षा १/१२५ ला निम्मा. म्हणून एकीकडे एक पायरी घेतली तर दुसरीकडे एक पायरी द्यावी, हिशेब तोच राहतो. हे आमच्या कारकुनी डोक्यास फार लवकर पटले.

किती प्रकाश द्यावा, हे ओळखण्यासाठी यंत्राची गरज नाही. आपली सावली पाहावी. सावलीच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर छिद्र १६ वर ठेवावे आणि वेग फिल्मच्या अंकाजवळचा घ्यावा: १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. सावली आहे पण कडा मऊ आहेत, तर ११. सावली जेमतेम ओळखू येते, तर ८. सावली पडतच नाही, आभाळ दाटलेले आहे किंवा माणूस मोकळ्या आकाशाखालच्या घराच्या सावलीत बसला आहे, तर ५.६. एवढे चार आकडे पाठ केले म्हणजे दिवसाउजेडी बाहेरचे छायाचित्रण आले. संशय असेल तेथे प्रकाश जास्तच द्यावा. निगेटिव्हवर दोन पायऱ्या जास्त झालेला प्रकाश छापताना सावरून घेता येतो. कमी पडलेल्या प्रकाशाने सावलीतला भाग कोरा राहतो, आणि जे उमटलेच नाही ते कोणी आणून देत नाही. मुलांनी पहिला महिना कॅमेरा हाती न घेता केवळ सावल्या पाहून आकडे बोलावेत. बसच्या थांब्यावर, शाळेच्या मैदानात, देवळाच्या प्रांगणात हा खेळ खेळता येतो. आम्ही अजूनही खेळतो. सौभाग्यवतींस तो आमच्या वयाचा परिणाम वाटतो.

भर दुपारचे ऊन माणसांच्या चित्रास वाईट. डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. सकाळी नऊपूर्वी किंवा चारनंतर घ्यावे. सर्वांत सुंदर प्रकाश आपल्या जुन्या घरांच्या ओसरीवर मिळतो. माथ्यावर छप्पर, समोर मोकळे अंगण, आणि अंगणातून परावर्तित होऊन येणारा मऊ उजेड. आजोबांना दारापासून हातभर आत, तोंड बाहेर करून बसवावे आणि त्यांना सुपारी कातरण्याचे वगैरे काम द्यावे. काम दिले नाही तर आपली वडील मंडळी कॅमेऱ्यापुढे न्यायासनासमोर उभे असल्यासारखी ताठ होतात.

अंतर डोळ्याने मोजावयाचे असते. कॅमेऱ्यावर ते मीटर वा फूट यांत लिहिलेले असते. घराच्या ओसरीची लांबी एकदा टेपने मोजून पाठ करावी, म्हणजे पुढे अंदाज चुकत नाही. क्लिकसारख्या कॅमेऱ्यात दहा फुटांच्या आत माणूस पुसट येतो. १/३० वेगाला हात हलला तर सर्वच पुसट येते, तेव्हा कोपर अंगाशी घट्ट धरून, श्वास सोडून, कळ दाबावी. तिला धक्का देऊ नये.

फिल्म धुणे हे काम पुष्कळांना भयंकर वाटते. वास्तविक ते भाकरी करण्याहून सोपे आहे, आणि दोन्ही आम्ही करून पाहिले आहे. लागणारी साधने म्हणजे उजेड न शिरणारी एक टाकी, तापमापक, मापाचे प्लॅस्टिकचे भांडे, तीन बाटल्या व घड्याळ. स्वयंपाकघरातील भांडी घेऊ नयेत. घेतल्यास ती पुन्हा स्वयंपाकात जाता कामा नयेत. अंधार मात्र पूर्ण हवा. सिनेमात दाखवितात तो लाल दिवा कागदावर चित्र छापताना चालतो. आजच्या फिल्मपुढे लावला तर फिल्म गेलीच. रात्री न्हाणीघराच्या दाराच्या फटीशी घोंगडी लावून पाच मिनिटे आत बसावे. आपला हात दिसू लागला तर तो अंधार नव्हे. टाकीतील चक्रावर फिल्म चढविणे ही एकच खरी अडचण आहे. त्यासाठी एक रोल वाया घालवून प्रथम उजेडात, मग डोळे मिटून, मग अंधारात असे दहादा करावे. हा रोल वाया गेला असे समजू नये. पुढचे सर्व त्यामुळे वाचतात. एकदा टाकीचे झाकण बसले की बाकीचे काम दिवे लावून करता येते.

फिल्म धुण्याच्या द्रवास डेव्हलपर म्हणतात. डी-७६ नावाची १९२७ सालची एक कृती आजही जगभर चालते, आणि तीत गुपित काही नाही. सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाऊण लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, २ ग्रॅम, असे याच क्रमाने विरघळवून एकंदर एक लिटर करावयाचे. तयार पुडाही मिळतो. आरंभी तोच घ्यावा. मेटॉलने काहींच्या कातडीस खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत. ३५ मिलिमीटरच्या एका रोलास सुमारे ३०० मिलिलिटर व १२० च्या रोलास ५०० मिलिलिटर द्रव लागतो.

एचपी-५ प्लस फिल्म या द्रवात २० अंशांस साडेसात मिनिटे धुतात. आपल्याकडे अडचण येथे येते. मुंबईच्या नळाचे पाणी पुष्कळदा २८-३० अंश असते. द्रवाची बाटली परातीत बर्फाच्या पाण्यात उभी करून ठेवावी. बर्फ द्रवात टाकू नये. २४ अंशांपर्यंत काम चालते, वेळ मात्र साडेपाच मिनिटांच्या आसपास घ्यावी लागते. त्याहून उष्ण द्रवात वेळ इतकी कमी होते की काही सेकंदांची गफलतही चित्रावर दिसते. पौष-माघातील सकाळ या कामास उत्तम. दर मिनिटाच्या आरंभी दहा सेकंद टाकी चार वेळा उलटीसुलटी करावी व तळ हलकेच आपटावा, म्हणजे बुडबुडे फिल्मला चिकटून राहत नाहीत. नंतर साध्या पाण्याने एकदा खळबळून फिक्सर ओतावा. याचे मूळ द्रव्य हायपो. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल याने १८१९ सालीच पाहून ठेवले होते, जगात छायाचित्र नव्हते तेव्हा. फिल्मचा एक तुकडा त्यात टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे, आणि त्याच्या दुप्पट वेळ फिल्म ठेवावी. मग टाकी पाण्याने भरून पाच वेळा, नवे पाणी घेऊन दहा वेळा, पुन्हा नवे घेऊन वीस वेळा उलटसुलट करावी. फिल्म न्हाणीघरात चिमट्याने टांगावी, खालीही एक चिमटा लावावा, आणि सुकेपर्यंत तेथे कोणास झाडू मारू देऊ नये. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ वा झाडांच्या मुळाशी ओतू नये.

पहिली फिल्म टाकीतून ओली बाहेर निघते आणि आपण ती खिडकीपुढे धरतो, तेव्हा केस पांढरे, दात काळे असे आपलेच आजोबा तीत उलटे बसलेले दिसतात. या क्षणाचे वर्णन करण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही.

कागदावर छापण्याचा विषय मोठा आहे. त्यास वर्धक यंत्र लागते आणि त्याचे व्याख्यान पुढे कधी होईल. तूर्त निगेटिव्ह पांढऱ्या पडद्यावर ठेवून मोबाइलने टिपावी व उलटवून पाहावी. ज्याला आरंभी आक्षेप होता त्या मोबाइलची अशी मदत घेण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

वडिलांच्या वेळच्या निगेटिव्ह घरात असतील तर त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदाच्या पाकिटात, एकेक पट्टी वेगळी, अशा ठेवाव्यात. ज्यांस आंबट, शिरक्यासारखा वास येतो त्या निराळ्या कराव्यात. त्यांचा पाया कुजू लागलेला असतो आणि शेजारच्याही बिघडतात. त्यांच्या प्रती आधी करून घ्याव्यात. काचेच्या पट्ट्या पाण्याने पुसू नयेत. आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नावे लिहावीत. आपल्या मंडळाच्या कपाटातील पहिल्या अधिवेशनाचे समूहचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातील निम्म्याहून अधिक माणसे आज आपल्याला ओळखता येत नाहीत. ती कोणा ना कोणा येथे बसलेल्यांचे आजोबा आहेत.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या कार्यालयामागील कोठीच्या खोलीत फिल्म धुण्याचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. खिडकीस लावण्यासाठी दोन जाड घोंगड्या हव्या आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आदल्या दिवशी चिटणीसांकडे द्याव्यात. बर्फाची व्यवस्था महिला शाखेने पत्करली आहे. ज्यांच्या घरी जुना कॅमेरा असेल त्यांनी तो आहे त्या स्थितीत, धूळ न पुसता, घेऊन यावे. मागचे झाकण घरी उघडू नये. आत रोल आहे की नाही ते आम्ही तेथे अंधारात हाताने चाचपून पाहू, आणि असेल तर त्याच दिवशी धुऊ.